उतरलेलं वजन पुन्हा चढू लागलं तेव्हा
८४ वरून ७० किलोवर आले आणि निर्धास्त झाले. वर्षभरात पाच किलो परत! ते उतरवायला आठ महिने गेले. वजन घटलं की शरीराला उष्मांक कमी लागतात, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी झाल्यानं भूक मात्र वाढते. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता दर शनिवारी सकाळी चहाआधी काट्यावर उभी राहते, आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. ७२ च्या वर गेला की त्याच आठवड्यात रात्रीची दुसरी पोळी बंद, तिच्या जागी वाटीभर मटकीची उसळ. दिवाळीचा फराळ खाते, पण ताटलीत वाढून; डब्यातून येताजाता उचललेल्या चकल्यांनीच घात केला होता. शतपावलीही अर्ध्या तासावर नेली. तीन वर्षं काटा ७२ च्या आसपासच आहे.