वॉटर ऑडिटला नवीन आहात? गळती नंतर शोधा, आधी इनलेटचा आकडा तपासा

सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल करून पाणीपुरवठ्यात शिरलेल्या, आणि पहिल्याच महिन्यात "ते ऑडिट तू बघ" असं म्हणून वॉटर ऑडिटची, म्हणजे सोडलेल्या आणि वापरलेल्या पाण्याच्या हिशोबाची, फाइल हातात दिलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. एनआरडब्ल्यू (ज्याचे पैसे मिळत नाहीत ते पाणी) काय असतं, आयडब्ल्यूए या आंतरराष्ट्रीय जल संघटनेचा वॉटर बॅलन्सचा तक्ता कसा भरतात, रिअल लॉस (प्रत्यक्ष गळती) आणि अ‍ॅपरंट लॉस (चोरी, मीटरची चूक) यात फरक काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. ते कुठेही वाचायला मिळतं. जे मिळत नाही आणि ज्याने माझे सुरुवातीचे कितीतरी आठवडे खाल्ले ते सांगते.

तक्ता सोपा दिसतो. इतकं पाणी सोडलं, इतकं अधिकृत वापरलं गेलं, चोरी आणि मीटरची चूक वजा केली, उरली ती गळती. सगळी मेख त्या "उरली" मध्ये आहे. गळती आपण मोजतच नाही, ती वजाबाकीतून येते, त्यामुळे वरच्या आकड्यात जी काही चूक असेल ती सगळीच्या सगळी खाली गळतीच्या रकान्यात येऊन बसते.

गणित करून बघा. लॉगबुक म्हणतं रोज २० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) सोडतो, हिशोब लागतो १४ चा, म्हणजे ६ एमएलडी लॉस, ३० टक्के. आता प्रत्यक्षात पाणी १८ च जात असेल तर? लॉस ४ एमएलडी, २२ टक्के. इनपुटमध्ये दहाएक टक्क्यांची चूक, पण लॉसचा तिसरा हिस्सा कागदावरून गायब. आणि हे उलटंही होतं, पाणी २२ जात असेल तर लॉस ८. म्हणजे जी गळती जमिनीत नाहीच ती शोधायला रस्ते खोदले जातात, किंवा जी आहे ती कोणाला दिसतच नाही.

आता तो २०, म्हणजे इनलेटचा आकडा, कुठून आला ते विचारा. छोट्या नगरपरिषदांमध्ये बऱ्याचदा बल्क मीटर (मुख्य लाइनवरचा मोठा मीटर) नसतो किंवा बसवल्यापासून काही महिन्यांत बंद पडलेला असतो, मग पंप ऑपरेटर पंपिंगचे तास गुणिले नेमप्लेटवरचा डिस्चार्ज करून रजिस्टर भरतो. त्याची चूक नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पण नेमप्लेटवरचा ३०० घनमीटर प्रति तास हा एका ठरावीक हेडला, म्हणजे पाणी ठरावीक उंचीवर चढवताना, असतो. इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) झिजलेला, हेड वेगळं, व्होल्टेज कमी, तर तेवढं पाणी येणारच नाही. आणि दोन पंप एकाच रायझिंग मेनमध्ये (टाकीकडे पाणी चढवणाऱ्या लाइनमध्ये) सोबत चालवले तर पाणी दुप्पट होत नाही, कारण फ्लो वाढला की लाइनमधलं फ्रिक्शन वाढतं, दोन्ही पंप मागे सरकतात, म्हणजे प्रत्येकी कमी पाणी देतात, तरी रजिस्टरमध्ये सरळ दोनाने गुणलेलं असतं. मला हे समजायला फार वेळ लागला, कारण रजिस्टर इतकं व्यवस्थित, सही-शिक्क्याचं असतं की शंकाच येत नाही.

उपाय महागडा नाही. टाकी वापरा. सप्लाय नसतो त्या वेळेत उंच टाकीचा आउटलेट बंद करा, पंप चालू ठेवा आणि पातळी किती चढते ते टेपने मोजा. टाकीचा आतला व्यास १६ मीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस मीटर, म्हणजे १ मीटर पातळी चढली की २०१ घनमीटर पाणी आत आलं. तेवढ्याच वेळात मीटर २३० दाखवत असेल तर तो १४ टक्के जास्त दाखवतोय. व्यास ड्रॉइंगवरून घेऊ नका, स्वतः मोजा. पंप चालू करण्याआधी इनलेट-आउटलेट दोन्ही बंद करून तासभर पातळी बघा, कारण जुने व्हॉल्व्ह "पास" होतात, बंद केले तरी थोडं पाणी सोडत राहतात, आणि ते धरलं नाही तर सगळी टेस्ट फुकट. अजून एक, मीटर फिल्टर प्लांटवर आणि टाकी तीन किलोमीटरवर असेल तर मधल्या लाइनवर कुठे कनेक्शन आहे का ते चालत जाऊन बघा, नाहीतर त्या कनेक्शनचं पाणी तुम्ही मीटरच्या माथी माराल. वेगवेगळ्या दिवशी परत करा. आकडे जुळायला लागले की मगच पुढे जा.

पाइपला बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने मिळतो, चांगलाय, पण तो फक्त वेग मोजतो, पाइपचं क्षेत्रफळ तुम्ही दिलेल्या व्यासावरून काढतो. जुन्या सीआय (ओतीव लोखंडाच्या) लाइनमध्ये आत गंज साचून ३०० मिलिमीटरचा बोअर २८५ झालेला असेल आणि तुम्ही ३०० टाकलं तर खरं पाणी त्याने दाखवल्यापेक्षा जवळजवळ १० टक्के कमी असतं. बेंडच्या किंवा व्हॉल्व्हच्या लगेच पुढे लावू नका, आधी व्यासाच्या निदान दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप हवा. स्क्रीनवर आकडा दिसतोय म्हणजे तो बरोबर आहे असं अजिबात नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. मला सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं ते सरळ म्हणाले, फिल्डवर वेळ घालवू नकोस, तीस-पस्तीस टक्के सगळीकडेच असतं, तक्ता खालून, म्हणजे गळतीपासून, वर भरत जा. अशा माणसाकडून डीपीआर (प्रकल्प अहवाल) शिका, टेंडर शिका, ऑडिट शिकू नका. मला ऑडिट शिकवलं ते निवृत्तीला आलेल्या, व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या एका चावीवाल्या काकांनी. कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांनी बंद होतो, कुठला रस्त्याच्या डांबराखाली गेलाय, कुठल्या गल्लीत जुनी लाइन बंद न करताच नवी टाकली, हे कुठल्याच जीआयएसमध्ये (कॉम्प्युटरवरच्या नकाशात) नव्हतं. "मॅडम, नकाशा नंतर, आधी माझ्यासोबत सप्लायला चला" म्हणायचे. जा. पहाटे जा. हल्ली सॅटेलाइटवरून गळती दाखवणाऱ्या, सेन्सर विकणाऱ्या कंपन्या येतात, त्याचा उपयोग होतोही, पण ज्या गावाच्या इनलेटला चालू मीटर नाही तिथे ते आधी घेणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट, पुस्तकातला मिनिमम नाइट फ्लो. रात्री २ ते ४ मध्ये लोक झोपलेले, जे वाहतंय ती मुख्यतः गळती, असं त्यात असतं. ते २४ तास पाणी असलेल्या शहरासाठी आहे. आपल्याकडे दीड तास पाणी येतं, तेव्हा घरोघरी टाक्या भरणं चालू, कोणी मोटार लावलेली, काही नळांना तोटीच नाही. तिथे नाइट फ्लो लावून काही निघत नाही. जमलं तर काही शे कनेक्शनचा एखादा भाग एकाच इनलेटवर घ्या, बाकीचे व्हॉल्व्ह बंद करा, पाणी तासन्‌तास चालू ठेवा, टाक्या भरल्या की फ्लो उतरतो आणि एका जागी स्थिरावतो. त्यातही ओव्हरफ्लो होणाऱ्या टाक्या असतातच, म्हणून गल्लीगल्लीत फिरून बघा, त्यांचा आकडा वेगळा ठेवा. दोन-तीन दिवस सलग करायला परवानगी मिळवणं हेच मोठं काम आहे, नगरसेवकांना आधी सांगून ठेवा.

टक्केवारीवर विश्वास ठेवू नका हेही यातूनच येतं. दीड तास सप्लायमध्ये ३० टक्के गळती म्हणजे पाइपमध्ये प्रेशर दिवसाला दीडच तास होतं. तीच भोकं, तेवढंच प्रेशर, २४ तास चालू ठेवलं तर गळती सोळापट. म्हणून दर कनेक्शनमागे, सप्लायच्या दर तासाला किती लिटर, असा आकडा काढा. आयएलआय (प्रत्यक्ष गळती टाळता न येणाऱ्या गळतीच्या किती पट आहे तो आकडा) काढायची घाई करू नका. त्यातलं यूएआरएलचं, म्हणजे टाळता न येणाऱ्या गळतीचं, सूत्र साधारण २५ मीटरच्या वर प्रेशर (पाण्याच्या उंचीत मोजलेलं) असलेल्या सिस्टिमसाठी तपासलेलं आहे आणि आपल्याकडे टोकाच्या घराला ५-७ मीटर मिळालं तरी लोक समाधानी असतात.

मोठ्या फुटीपेक्षा लहान गळती जास्त पाणी खाते, हे मनावर घ्या. मेन लाइन फुटली, तासाला ५० घनमीटर वाहिली, पण गावभर बोंब होते आणि आठ तासांत दुरुस्त होते, ४०० घनमीटर. घराच्या जोडणीवर, फेरूलपाशी (जोडणी मेन लाइनला लागते तिथे) तासाला १ घनमीटर गळतंय, कोणाला दिसत नाही, रोज ३ तास सप्लाय, वर्षात हजारावर घनमीटर. म्हणून दुरुस्तीच्या नोंदीत तारीख आणि वेळ लिहायची सवय लावा, कळलं कधी, सापडली कधी, बंद कधी झाली. मीटरच्या बाबतीत थोडक्यात एवढंच की बंद मीटरवर सरासरी बिल लावलेली कनेक्शनं वेगळी काढा, ती "मोजलेल्या" रकान्यात टाकू नका, आणि थोडे घरगुती मीटर बादली लावून तपासा. बॉल कॉकने हळूहळू भरणाऱ्या टाकीवर मेकॅनिकल मीटर कमी धावतो, आणि सप्लाय सुरू होताना पाइपमधली हवा त्याला उगाच पळवते.

घाबरवायचं नाहीये. केंद्राच्या २००८ च्या सर्व्हिस लेव्हल बेंचमार्कमध्ये एनआरडब्ल्यूचं लक्ष्य २० टक्के आहे, केंद्राची शहरी पाणी योजना अमृत २.० सुद्धा तिथेच बोट दाखवते, आणि तुमच्या गावाचा आकडा त्याच्या दुप्पट निघाला तर खचून जाऊ नका. कंबोडियात नॉम पेन्हमध्ये १९९३ ला ७२ टक्के पाणी हिशोबाबाहेर होतं, २०१० च्या आसपास ते ६ टक्क्यांवर आलं. तिथल्या पाणी प्राधिकरणाचे प्रमुख, एक सोन चान (Ek Sonn Chan), यांच्या काळात प्राधिकरणाने प्रत्येक कनेक्शनला मीटर लावला, बेकायदा जोडण्या काढल्या, वजनदार लोकांकडूनही बिल वसूल केलं. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने छोट्या गावात मीटरवर २४ तास पाणी देऊन दाखवलं. होतं हे, पण काही महिन्यांत होत नाही.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. व्हॉल्व्ह चेंबरमध्ये एकटं कधीच उतरू नका. झाकण उघडून थांबा, वर माणूस ठेवा, दोर ठेवा, शक्य असेल तर गॅस डिटेक्टर मागून घ्या, कोणी "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणालं तरी. त्या खड्ड्यात ऑक्सिजन कमी असला तरी वास येत नाही.

रिपोर्ट लिहिताना प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला, तपासलेला की अंदाजाचा ते लिहा, आणि इनपुट १८ असेल तर १८ अधिक-उणे १ असं लिहा, मग लॉसही ३ ते ५ असा पट्ट्यात येईल. वरून कोणी म्हणेल एकच आकडा द्या, पोर्टलवर एकच रकाना आहे. द्या. पण पट्टा परिशिष्टात ठेवाच, टाकीच्या टेस्टच्या तारखांसकट, कारण पुढे नवा बल्क मीटर बसला की टक्केवारी एकदम बदलते, आणि तुमच्या जागी आलेल्या माणसाला तेव्हा कळायला हवं की गळती तेवढीच आहे, मोजणी बदललीय.