सॉफ्टवेअरचं मदतीचं पान सोपं करताना या चुका टाळा

सॉफ्टवेअरमधून सदस्यांची यादी डाउनलोड केली, डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि मराठी नावांच्या जागी भलतीच रोमन चिन्हं दिसली. पतसंस्था, शाळा, हाउसिंग सोसायटी, कुठेही ही तक्रार ठरलेली. त्यावरचं मदतीचं पान मात्र अनेकदा असं असतं: ‘निर्यात केलेली सीएसव्ही संचिका यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये असून तीत बीओएम अंतर्भूत नसल्याने आयातीच्या वेळी योग्य कॅरेक्टर सेट निर्दिष्ट करणे आवश्यक आहे.’

यात चुकीचं काहीच नाही. पण यादी छापायला बसलेल्या लिपिकाने आता कुठे क्लिक करायचं, हेही यात नाही. हेच पान समोर ठेवून कुठे काय बिघडतं ते पाहू.

शीर्षकात अडचणीऐवजी तांत्रिक विषय

‘कॅरेक्टर एन्कोडिंग व्यवस्थापन’ असं शीर्षक दिलं की पान सापडतच नाही, कारण हे शब्द वाचक शोधत नाही. तो ‘एक्सेलमध्ये मराठी नावं नीट दिसत नाहीत’ असं शोधतो, म्हणून शीर्षकही तेच हवं. सपोर्टला येणारे फोन आणि ईमेल चाळा, लोकांनी वापरलेली वाक्यं तिथे तयार मिळतात. एखादा एरर मेसेज असेल तर तो पडद्यावर दिसतो तसाच, शब्द न बदलता पानावर घ्या. लोक तो कॉपी करून शोधतात.

सगळ्या लक्षणांना एकच उपाय

सर्वात जास्त नुकसान या चुकीने होतं. ‘मराठी दिसत नाही’ या एका तक्रारीमागे चार वेगळी कारणं असू शकतात आणि त्यातल्या एका प्रकारात माहिती कायमची गेलेली असते. त्यामुळे उपायाआधी वाचकाला विचारा: पडद्यावर नेमकं काय दिसतंय?

एका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं दिसत असतील, तर फाइल चांगली आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने उघडली गेली आहे. यूटीएफ-८ ही अक्षरं फाइलमध्ये साठवण्याची एक पद्धत (एन्कोडिंग) आहे. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. एक्सेल त्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र रोमन चिन्ह समजतं, म्हणून ‘राम’ हा शब्द नऊ चिन्हांचा दिसतो.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर प्रकरण गंभीर आहे. कोणीतरी ती यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) सेव्ह केली आणि मराठी अक्षरं तिथेच पुसली गेली. त्या फाइलवर काहीही करून नावं परत येत नाहीत. यादी सॉफ्टवेअरमधून पुन्हा डाउनलोड करणं हाच उपाय, आणि पानावर तो स्पष्ट लिहा. नाहीतर माणूस तासभर सेटिंग बदलत बसतो.

रिकामे चौकोन दिसले तर माहिती शाबूत आहे, फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. निर्मला यूआय किंवा मंगल निवडायला सांगा. आणि नीट टाइप केल्यासारखी पण निरर्थक रोमन अक्षरं दिसत असतील, तर मूळ नोंद श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये झालेली असण्याची शक्यता मोठी. तिथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही, त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो.

अवघड वाटली म्हणून पायरीच गाळणं

सोपं करणं आणि कमी करणं यात गल्लत होते. ‘यूटीएफ-८’ हा शब्द अवघड वाटतो म्हणून काढून टाकला, तर वाचक एक्सेलच्या लांबलचक यादीतून निवडणार काय? पडद्यावर जो शब्द दिसतो तो पानावर हवाच, मग तो कितीही तांत्रिक असो. ‘बीओएम’ म्हणजे फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे हे सांगणारी, तिच्या सुरुवातीची अदृश्य खूण. ती वाचकाला पडद्यावर कुठेच दिसत नाही, तो शब्द बेलाशक काढा. ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हणून पान सोपं होत नाही. ऑफिसात जे बोलतात तेच लिहा.

गाळलेली पायरी कशी महागात पडते, ते खाते क्रमांकात दिसतं. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक जपतं, त्यापुढच्या अंकांची शून्यं करतं. सुरुवातीची शून्यंही उडवतं. भारतात बँक खाते क्रमांक १८ अंकांपर्यंत असतात. नावं मराठीत आली म्हणून वाचक खूश होतो आणि चुकीचे खाते क्रमांक पुढे पाठवतो. म्हणून खालची पाचवी पायरी कितीही किचकट वाटली तरी राहिलीच पाहिजे.

सुधारलेलं पान असं होईल:

*आधी हे करा: फाइल डबल-क्लिकने उघडली असेल तर सेव्ह न करता बंद करा.*

१. एक्सेल सुरू करून कोरी वर्कबुक उघडा.
२. वरच्या पट्टीत ‘डेटा’ टॅबवर जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ वर क्लिक करा.
३. डाउनलोड केलेली फाइल निवडून ‘इम्पोर्ट’ दाबा. नवी खिडकी उघडेल.
४. तिथे ‘फाइल ओरिजिन’ मध्ये ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा. खालच्या नमुन्यात नावं मराठीत दिसू लागतील.
५. ‘डेटा टाइप डिटेक्शन’ मध्ये ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ निवडा. खाते क्रमांक जसेच्या तसे राहतील.
६. ‘लोड’ दाबा आणि फाइल ‘एक्सेल वर्कबुक’ म्हणून सेव्ह करा. सीएसव्हीच हवी असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार घ्या.

सेव्हची सूचना पहिल्या पायरीच्याही आधी का, ते लक्षात घ्या. वाचक वाचता वाचता करत जातो. ‘टीप: वरील कृतीपूर्वी…’ असं खाली लिहिलं, तर तो तिथे पोचेपर्यंत कृती होऊन गेलेली असते. चौथ्या पायरीत काय दिसेल हे सांगितलं आहे, कारण बरोबर वाटेवर आहोत की नाही हे तिथे कळतं. नावं तिथे मराठीत दिसली नाहीत, तर पुढे न जाता वरच्या चार लक्षणांकडे परत पाठवा.

विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी जे सरलीकृत इंग्रजीचं मानक आहे, त्यात कृती सांगणाऱ्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. मराठीत त्याहून कमी शब्दांत भागतं, १०-१२ पुरे होतात. ‘फक्त’, ‘सहज’ हे शब्द पायऱ्यांतून काढून टाका. ज्याला जमत नाही त्याला ते टोचतात.

पडद्यावर एक, पानावर दुसरं

पडद्यावर इंग्रजी बटण असताना पानावर ‘आयात करा’ लिहिलं की वाचक ते बटण शोधत बसतो. बटणाचं नाव पडद्यावर ज्या भाषेत आणि लिपीत आहे, तसंच ठेवा. (या लेखात नावं देवनागरीत आहेत, तुमच्या पानावर ती रोमनमध्येच हवीत.) ‘निळं बटण’ असं लिहू नका, डार्क मोडमध्ये रंग बदलू शकतो. आवृत्तीही सांगा: वरच्या पायऱ्या एक्सेल २०१९ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या आहेत. एक्सेल २०१३ मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट’ दाबल्यावर विझार्ड उघडतो, त्याच्या पहिल्याच पानावर ‘फाइल ओरिजिन’ असतं आणि खाते क्रमांकाचा रकाना तिसऱ्या पानावर ‘टेक्स्ट’ करावा लागतो.

चित्रांवरच सगळा भार

अख्ख्या पडद्याचा स्क्रीनशॉट मोबाइलवर वाचताच येत नाही. लागणारा कोपरा तेवढा कापून घ्या. पायरी चित्रातच लिहिली असेल तर ती शोधात सापडत नाही, आणि एनव्हीडीए किंवा टॉकबॅक हे पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम वापरणाऱ्या अंध वाचकापर्यंत ती पोचेलच असं नाही. स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या सदस्यांची नावं आणि मोबाइल नंबर दिसणं तर अक्षम्य. त्यासाठी बनावट नोंदी वेगळ्या तयार ठेवा.

पान लिहून झालं, तपासलं कोणी?

सहकारी प्रोग्रामरने वाचून ‘छान आहे’ म्हटलं, याला तपासणी म्हणत नाहीत. ते सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या, पण हे काम कधी न केलेल्या माणसाला पान द्या आणि शेजारी गप्प बसा. बोट दाखवू नका. तो कुठे थांबला, कुठली ओळ दोनदा वाचली, कुठे मागे गेला, एवढंच टिपा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं, की पाच जणांवर केलेल्या चाचणीत बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. तीन माणसं मिळाली तरी सुरुवात करा.

सगळे एकाच पायरीवर अडत असतील तर दोष पानात नसून सॉफ्टवेअरमध्ये असू शकतो. आपल्या उदाहरणात डेव्हलपरने निर्यात होणाऱ्या फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे तीन बाइट घातले, की डबल-क्लिकने उघडूनही नावं मराठीतच दिसतात. ही मागणी पान लिहिणाऱ्यानेच लावून धरायची, कारण तक्रारी रोज तोच वाचतो. बदल झाल्यावरही पान काढून टाकू नका: डबल-क्लिकने उघडलेल्या यादीत खाते क्रमांकांचे शेवटचे अंक तरीही शून्य होतात.