रशियन घेऊन पदवी करायची असेल तर आधी हे बघा

बारावीनंतर स्लाव्हिक (रशियन, पोलिश, चेक अशा एका गटातल्या भाषा) किंवा युरेशिया (रशिया आणि मध्य आशिया) अभ्यासाकडे वळायचं मनात असेल, तर कॉलेजचं नाव नंतर, अभ्यासक्रम आधी उघडा. पहिल्या दोन वर्षांत आठवड्याला भाषेचे तास किती, ते मोजा. तास कमी असतील तर इतिहास-राजकारणाचे पेपर कितीही भारी दिसोत, तिसऱ्या वर्षी मूळ रशियन वर्तमानपत्र वाचता येणार नाही.

दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) रशियनची ऑनर्स पदवी आहे, प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. दिल्ली विद्यापीठात स्लाव्हिक भाषांचा स्वतंत्र विभाग आहे. नाशिककरांना जवळचं म्हणजे पुणे आणि मुंबई विद्यापीठ, दोन्हीकडे रशियन शिकवतात.

सुट्टीतच रशियनची ३३ अक्षरं गिरवून घ्या, आठवडाभराचं काम आहे. सहा विभक्त्यांना घाबरू नका. ‘घर, घरात, घराला’ म्हणणाऱ्यांना त्यातलं तत्त्व लगेच कळतं. खरा कस क्रियापदांत लागतो: ‘वाचत होतो’ला ‘चिताल’, ‘वाचून संपवलं’ला ‘प्रचिताल’. अशा जोड्या पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

मध्य आशियाची ओढ असेल तर लक्षात ठेवा, उझबेक आणि कझाक या रशियनहून वेगळ्या, तुर्की कुळातल्या भाषा. त्यांची सोय कुठे आहे, ते प्रवेशाआधीच विचारा.

सोबत अर्थशास्त्र, कायदा किंवा तांत्रिक भाषांतर यांपैकी एक धरा, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्या ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिग आणि सुखोई ही मूळ रशियन रचनेची लढाऊ विमानं बनली. तांत्रिक रशियनची गरज कुठे पडते, हे नाशिकच्या मुलांना वेगळं सांगायला नको.