मी माझं कमावतो, मग वडिलांचा दाखला कशाला? शिष्यवृत्तीच्या अर्जातल्या या चुका टाळा

“दादा, मी घरून एक रुपया घेत नाही. खोलीचं भाडं, मेस, फी, सगळं माझं मी भरतो. मग वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला कशाला?”

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा रात्रपाळी करून थेट आलेला असतो. दिवसा कॉलेज, रात्री गोदाम, औषधाचं दुकान नाहीतर डिलिव्हरी. त्याचं म्हणणं माणूस म्हणून शंभर टक्के खरं असतं. पण सरकारी अर्ज त्या म्हणण्यावर चालत नाही, आणि इथूनच सगळ्या चुकांना सुरुवात होते.

आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांमध्ये ‘स्वतःच्या पायावर उभा असलेला विद्यार्थी’ असा वेगळा गटच नाही. अमेरिकेत तो आहे. तिथल्या सरकारी मदतीच्या अर्जात वयाची २४ वर्षं पूर्ण झालेला, लग्न झालेला किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी स्वतंत्र धरला जातो आणि त्याच्या आईवडिलांचं उत्पन्न विचारलं जात नाही. तिकडचे व्हिडिओ पाहून आपली मुलं समजतात की इथेही तसंच असेल. इथे तुम्ही वीस वर्षांचे असा की सव्वीसचे, कोथरूडला वेगळी खोली घेऊन राहा की हडपसरला, आईवडील हयात असतील तर उत्पन्न त्यांचंच बघितलं जातं.

मग नेमकं कुणाचं उत्पन्न धरतात? भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीत याचं उत्तर स्पष्ट आहे. आईवडिलांपैकी एकजण जरी हयात असेल, तर फक्त पालकांचं सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न. मोठा भाऊ कमावता असला तरी त्याचा पगार त्यात येत नाही. लग्न झालेल्या, नोकरी नसलेल्या मुलीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न. आईवडील दोघेही नसतील तर जो सांभाळतो त्या पालकाचं. आणि विद्यार्थी स्वतः नोकरीत असेल तर त्याचं आणि आईवडिलांचं उत्पन्न एकत्र करून योजनेच्या उत्पन्न मर्यादेशी ताडून पाहायचं, आणि मर्यादेत बसलं तर फीची भरपाई, ही या योजनेतली फार जुनी तरतूद आहे. म्हणजे नोकरी असली की सगळं संपलं, असंही नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण निम्मी मुलं या भीतीनेच अर्ज करत नाहीत.

दाखला पुण्यातून काढण्याची घाई

घरी बोलणं नाही, गावी जायला सुट्टी नाही, म्हणून काहीजण पुण्यातल्याच एखाद्या सेवा केंद्रात जाऊन खोलीच्या पत्त्यावर आणि स्वतःच्या कमाईवर दाखला काढायला बघतात. एजंटही भेटतात. असा दाखला मिळाला तरी अर्जात तो उभा राहत नाही, कारण तिथे पालकांचं नाव, त्यांचा व्यवसाय, ते हयात आहेत का, हे सगळं वेगळं विचारलेलं असतं. दाखला आईवडील राहतात त्या तालुक्याच्या तहसील कार्यालयाचा लागतो. आईवडिलांनाच सेतू केंद्रात जाऊ द्या. रेशनकार्ड, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, वडील पगारदार असतील तर फॉर्म १६, आणि स्वयंघोषणापत्र एवढी तयारी हवी. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून तुम्ही पुण्यात बसूनही हा अर्ज भरू शकता, फक्त तलाठ्याचा कागद गावाहून फोटो काढून मागवावा लागतो.

दाखल्यावरची मुदत वाचायला विसरू नका. तो कोणत्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा आहे आणि कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालतो, हे त्यावर छापलेलं असतं. गेल्या वर्षीचा दाखला चिकटवून दिलेले अर्ज मी ढिगाने परत आलेले पाहिलेत.

घरच्यांशी संबंध तुटलेले असतील तर हे फार अवघड जातं, मला माहीत आहे. वडील सोडून गेलेत, आई धुणीभांडी करून घर चालवते, अशी घरं पुष्कळ आहेत. तिथे आईच्या नावाने उत्पन्नाचा दाखला निघतो. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडा, नसेल तर आईचं प्रतिज्ञापत्र करून तलाठ्याच्या अहवालात तसा उल्लेख करून घ्या. आईवडील दोन्ही नसलेल्या मुलांनी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र काढून ठेवावं. राज्यात २०१८ पासून अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आहे, आणि ते याच प्रमाणपत्रावर मिळतं.

‘पगारदार आहात का?’ या प्रश्नाला काय लिहायचं

महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये हा प्रश्न तुमच्याबद्दल विचारलेला असतो. खरं ते लिहा. कंपनी तुम्हाला दरमहा पगाराची स्लिप देते, भविष्यनिर्वाह निधी कापते, आणि तुम्ही ‘नाही’ लिहिता, तर ती गोष्ट आज ना उद्या समोर येते. तुमचा पॅन नंबर दिलेला असला की कापलेला कर प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसतो, मग तो पगारातून कापलेला असो की डिलिव्हरीच्या कमाईतून कापलेला १ टक्का. एकदा स्वतःच्या नावावरची ती नोंद उघडून बघाच. कधी कधी मित्राला डिलिव्हरी अ‍ॅपचं खातं वापरायला दिलेलं असतं आणि त्याची कमाई तुमच्या पॅनवर चढलेली असते. आकडा तुमचा नसताना तो तुमच्या माथी बसतो.

याउलट दोन महिने दिवाळीच्या हंगामात दुकानात उभं राहिलेलं पोरगं भीतीने ‘होय, पगारदार’ लिहून बसतं. तेही चूकच. तात्पुरतं काम आणि पगारी नोकरी यांत फरक आहे. शंका असेल तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा आणि मगच बटण दाबा.

भत्त्याच्या योजनांत नोकरीचा काटा

फी माफ होणं वेगळं आणि राहण्याखाण्याचे पैसे मिळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात नियम कडक आहेत, आणि कमावत्या मुलांना सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये: ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे, ८,००० निर्वाहाचे. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

स्वाधारचा लाभ घेताना नोकरी किंवा धंदा करताना आढळलात तर दिलेली रक्कम व्याजासह वसूल होते. हे ज्याला कुणी सांगितलेलं नसतं, तो स्वाधारही घेतो आणि रात्रपाळीही करतो, आणि मग गोत्यात येतो. मला हा नियम मनापासून खटकतो. ३२,००० म्हणजे दहा महिन्यांना महिन्याला ३,२०० रुपये, तेवढ्यात पुण्यात दोन वेळची मेस कशीबशी निघते, आणि हे पैसेही बरेचदा वर्ष सरत आल्यावर हातात येतात. तोवर मुलाने काय खायचं? पण नियम खटकतो म्हणून तो लपवून अर्ज करू नका. पगारी नोकरी चालू ठेवायची की भत्ता घ्यायचा, हे आधी वहीत मांडून ठरवा. महिन्याला बारा हजारांची नोकरी सोडून साठ हजारांचा भत्ता घेणं सगळ्यांनाच परवडणारं नाही. ज्याला परवडतं, त्याने मात्र तो वेळ अभ्यासाला दिला पाहिजे, कारण हजेरी ७५ टक्के लागते.

याच योजनेत आणखी एक खड्डा आहे. विद्यार्थी शिकतो त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, अशी अट आहे. पुण्यात आल्यावर गॅस, सिमकार्ड किंवा कंपनीच्या कागदांसाठी मुलं आधारवरचा पत्ता बदलून खोलीचा घालतात. झालं, कागदावर तुम्ही पुणेकर! मग गावचा रहिवासी दाखला, आईवडिलांचं रेशनकार्ड, शाळेचे दाखले असं सगळं पुढे करून खुलासा देत बसावं लागतं. शिक्षण संपेपर्यंत आधारवर गावचाच पत्ता राहू द्या. पुण्यातल्या खोलीसाठी भाडेकरार पुरेसा असतो. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली नुसती एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्यांना मालक करार देत नाहीत ही रड खरी आहे, म्हणून खोली घेतानाच ते बोलून घ्या, नंतर कुणी दारात उभं करत नाही.

आणि आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज केलेला असावा लागतो. तिथे जागा मिळाली नाही म्हणून ही योजना, असा तिचा क्रम आहे. वसतिगृहाचा अर्जच न भरता थेट विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन रांग लावणारी मुलं दरवर्षी रिकाम्या हाताने परत येतात.

मंजूर झालेले पैसे गेले कुठे?

हे माझ्यावर गुदरलेलं आहे. दुसऱ्या वर्षाला माझा अर्ज मंजूर झाला, पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं आणि माझ्या पासबुकात शून्य. दोन महिने मी कॉलेजच्या लिपिकावर मनातल्या मनात राग धरून होतो. शेवटी कळलं की बारावीत असताना बाजारात सिमकार्ड घेताना एका माणसाने आधार आणि अंगठा घेऊन माझ्या नावावर एक खातं उघडलं होतं. सरकारी पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारशी जे खातं शेवटचं जोडलं गेलं त्यात जातात. माझे त्या खात्यात पडून होते. त्या लिपिकाची नंतर मी माफी मागितली.

अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधारला कोणतं बँक खातं जोडलंय ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. तिथे जुन्या बँकेचं नाव दिसलं तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरा. नुसतं ‘केवायसी झालंय’ या उत्तरावर परत येऊ नका, ती वेगळी गोष्ट आहे. आधारवरून पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद एनपीसीआयकडे असते, तेव्हा एनपीसीआयला जोडणी झाली का, असंच विचारा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, तेही चालू करून घ्या.

नावाला घेतलेला एमए

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांमध्ये ही चूक सर्रास आहे. बीए झालं, एमए मराठी झालं, परीक्षा निघाली नाही, म्हणून पुन्हा एमए राज्यशास्त्र. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एका पातळीवरचं शिक्षण झाल्यावर त्याच पातळीवरच्या दुसऱ्या विषयाला पैसे मिळत नाहीत. बीएनंतर बीकॉम केलं तरी तेच. प्रवेश घेताना लिपिक हे सांगत नाही आणि फीचा भुर्दंड तुमच्यावर येतो.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या चुका थोडक्यात सांगतो. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना ती मिळते, तेव्हा थोरल्या दोघांनी आधी घेतली आहे का ते घरी विचारा. खोली घेऊन राहता तर अर्जात घरून येजा करणारा असं लिहू नका. मुलींनी तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी थांबून बघायलाच हवं: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने केंद्रीभूत प्रवेशातून (सरकारच्या कॅप फेऱ्यांतून) आलेल्या, ८ लाखांच्या आतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

अर्ज पाठवला म्हणजे काम झालं, असं कृपा करून समजू नका. तो आधी कॉलेजच्या लिपिकाच्या डेस्कवर जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. त्रुटी निघाली की परत येतो, आणि परत आलेला अर्ज दुरुस्त करायला मोजकेच दिवस असतात. ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो नंबर बदलला असेल तर तुम्हाला परत आल्याचं कळतसुद्धा नाही. दर आठवड्याला एकदा लॉगिन करा, रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत केलं तरी चालेल.

कुठल्याच योजनेत न बसणारी मुलंही असतात. वडिलांचं उत्पन्न कागदावर मर्यादेबाहेर, आणि घरून मात्र मदत शून्य. त्यांच्यासाठी पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना आहे. कॉलेजातच काम, तासावर पैसे, आणि तास अभ्यासाला सांभाळून दिलेले. बाहेरगावच्या गरजू मुलांची सोय १९५५ पासून करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती शिवाजीनगरला आहे. तिचा अर्ज लवकर निघतो, निकालाची वाट बघत बसू नका.

सुरुवातीला ज्याचा प्रश्न सांगितला, त्या मुलाने दोन दिवस माझ्याशी वाद घातला. मग एका संध्याकाळी अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून त्याने चार महिन्यांनी घरी फोन लावला. फोन आईने उचलला. पुढच्या मंगळवारी वडील स्वतः तलाठ्याकडे गेले. दाखला बारा दिवसांनी आला, अर्ज गेला, आणि सध्या तो कॉलेजच्या लिपिकाच्या डेस्कवर आहे. सोमवारी पाळी संपली की तो झोपायच्या आधी तिकडेच जाणार आहे.