नजर पाठीला कळते का? घरीच तपासून पाहा

गोव्यात डिचोलीला मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. डोळ्याचा धडा सुरू झाला की कुणीतरी हटकून विचारतं, "सर, मागून कोणी बघत असलं की आपल्याला कळतं ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. डोळ्यातून तेजाचा किरण निघून वस्तूपर्यंत पोचतो, असं न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, मानलं होतं. दाखला होता रात्री चमकणाऱ्या डोळ्यांच्या प्राण्यांचा. मांजराचे डोळे बाहेरचाच प्रकाश परतवतात, हे आता ठाऊक आहे. माणसाच्या नजरेचं मात्र स्वतः तपासता येतं.

दोन माणसं, एक नाणं, कागद आणि बंद काचेची खिडकी एवढं पुरे. जुन्या घरातली शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी चालायची नाही. तिच्यातून उजेड येतो, पण पलीकडचं दिसत नाही. एकाने खिडकीकडे पाठ करून ओसरीवर बसावं, दुसऱ्याने आत. आतला पंखा चालू ठेवा, नाहीतर खुर्चीची कुरकुर, बांगडीची किणकिण सगळं सांगून जाते. बसणाऱ्यासमोर आरसा किंवा गाडीची काच नको, मोबाइलही पालथा ठेवा. त्याच्या काळ्या पडद्यात मागचा माणूस स्पष्ट दिसतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नाणं आधीच २० वेळा उडवून क्रम लिहून ठेवा: छाप म्हणजे पाठीकडे टक लावून पाहायचं, काटा म्हणजे नजर वहीत. सलग पाच छापे पडले तरी बदलायचं नाही. मनाने क्रम लिहायला बसलं की आपण उगाच आलटूनपालटून लिहितो. बसणाराही तसाच आलटूनपालटून अंदाज करतो, आणि दोन्ही जुळले की नजर कळल्यासारखी वाटते. नजर जाणवते असं मानणाऱ्या रूपर्ट शेल्ड्रेक यांच्या प्रयोगांतल्या क्रमांवर हाच आक्षेप आला. मानसशास्त्रज्ञ कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी २००० साली तेच क्रम वापरून, बरोबर की चूक ते लगेच सांगत प्रयोग केला, तेव्हा अंदाज सुधारत गेले. खरोखर यादृच्छिक, म्हणजे कसलाच ठरावीक नमुना नसलेला, क्रम घेतल्यावर परिणाम दिसेना. म्हणून शेवटपर्यंत उत्तर सांगू नका.

फोनवर ठरावीक अंतराने घंटा वाजू द्या. प्रत्येक घंटेला बसणाऱ्याने 'हो' किंवा 'नाही' लिहावं.

काही मुलं बिचकतात, कारण घरी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढलेली त्यांनी पाहिलेली असते. आमच्याकडे ख्रिश्चन घरांतही काढतात. ती घरच्यांची माया आहे, तिला या प्रयोगाने बाध येत नाही, असं मी त्यांना सांगतो आणि ते खरंच आहे.

मग 'मी वळलो तर तो बघतच होता' याचं काय? मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी १८९८ मध्येच उत्तर दिलं: आपण मान वळवतो, ती हालचाल मागच्याची नजर खेचते, आणि नजरानजर होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कूव्हर यांनी १९१३ मध्ये मोजून पाहिलं, तर बरोबर उत्तरं जवळजवळ निम्मीच निघाली.

तुमच्याही २० पैकी १० च्या आसपास येतील. ६ ते १४ मध्ये नवल नाही. १५ किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता सुमारे २ टक्के, म्हणजे ५० मुलांत एखाद्याला ते बहुधा मिळणारच. त्याला दुसऱ्या दिवशी नवा क्रम काढून परत बसवा, आणि पहिल्या दिवसाचे गुण त्यात मिळवू नका.