दाबाची बाही सकाळीच चढवा

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या की काहींच्या हातावर सूज येते. माझ्या आईला ती आधी बांगडीने सांगितली: रोजची बांगडी मनगटात रुतायला लागली. काखेतल्या या गाठींतून लसिका, म्हणजे शरीरातला जास्तीचा पातळ द्रव, वाहून जात असते; गाठी काढल्या की ती हातात साठू शकते. रक्ताला हृदयाचा पंप असतो, लसिकेला तसा नसतो. ती स्नायूंच्या हालचालीवर आणि आपल्या नळ्यांच्या हलक्या आकुंचनावर पुढे सरकते. दाबाची बाही, म्हणजे कम्प्रेशन स्लीव्ह, याच कामाला आधार देते. म्हणून ती घालून नुसतं बसू नका, हात हलता ठेवा.

बाही सकाळी उठल्या उठल्या चढवा, तेव्हा सूज सगळ्यात कमी असते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून कापड तळव्याने थोडं थोडं वर सरकवा, वरच्या टोकाला धरून ओढू नका. वरची कड दुमडायची तर अजिबात नाही, तिथे दाब दुप्पट होऊन हात आवळतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रात्री काढून ठेवा. बाही रोज हाताने धुवा, सावलीत वाळवा. साधारण 6 महिन्यांत ताण सैल पडतो, मग नवी घ्या.

माप तज्ज्ञाकडूनच घ्या, अंदाजाने मागवू नका. बोटं बधिर किंवा निळसर झाली तर लगेच काढा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पायांसाठी असेच दाबाचे मोजे घेणार असाल आणि मधुमेह, हृदयविकार किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.