कॅनन १५००डी की निकॉन डी३५००? पहिला कॅमेरा कसा निवडावा

फोटोग्राफी शिकायची ठरवली की बरेच जण शोधाशोध करून याच दोन कॅमेऱ्यांपाशी येऊन अडतात: कॅननचा ईओएस १५००डी आणि निकॉनचा डी३५००. दोन्ही २०१८ साली आले. कॅननचा हाच कॅमेरा काही देशांत २०००डी, तर काही ठिकाणी रिबेल टी७ या नावाने मिळतो. डी३५०० चे उत्पादन आता थांबले आहे, त्यामुळे तो बहुतेकदा वापरलेलाच हाती येतो.

दोघांचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) एपीएस-सी आकाराचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, आणि २४ मेगापिक्सेलच्या आसपास. दोघांचा शटर (सेन्सरवर ठरावीक वेळ उजेड पडू देणारा पडदा) १/४००० सेकंदापर्यंत जातो. भरपूर उजेडात काढलेले फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा हे ओळखणे अवघड. म्हणून मेगापिक्सेलची तुलना इथेच सोडा. खरा फरक लेन्स, बॅटरी आणि हातातली पकड यांत आहे, आणि त्यातही लेन्स सगळ्यात महत्त्वाची. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, पुढेमागे बदलली जाते, लेन्स मात्र अनेक वर्षे सोबत राहतात.

१. आधी फोटो कशाचे काढायचे ते लिहून काढा

पुढच्या सहा महिन्यांत ज्याचे फोटो काढणार आहात अशा तीन गोष्टी कागदावर लिहा. "सगळेच" असे लिहू नका, त्यातून निवड होत नाही.

मुख्य काम व्हिडिओचे असेल तर दोन्ही कॅमेरे बाजूला ठेवा. ४के रेकॉर्डिंग दोघांतही नाही, बाहेरचा माइक जोडायला सॉकेट नाही आणि मागचा स्क्रीन जागचा हलत नाही, त्यामुळे स्वतःचे चित्रीकरण करताना आपण फ्रेममध्ये आहोत की नाही हेही दिसत नाही.

धावणारी मुले, खेळ, पक्षी यादीत असतील तर निकॉन बरा. तो सेकंदाला ५ फोटो काढतो, कॅनन ३. लांबच्या भटकंतीतही निकॉनच पुढे आहे: प्रमाणित चाचणीत त्याची बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे १५५० फोटो देते, कॅननची ५००. हे आकडे व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) फोटो काढतानाचे आहेत. मागच्या स्क्रीनवर बघून काढायची सवय असेल तर दोन्ही बॅटऱ्या त्याच्या बऱ्याच आधी संपतात.

निसर्गदृश्ये काढताना अनेकदा एकाच दृश्याचे कमी, मध्यम आणि जास्त एक्सपोजरचे (म्हणजे गडद ते उजळ) तीन फोटो लागोपाठ घेऊन नंतर एकत्र जोडले जातात. असे तीन फोटो आपोआप घेणारी ऑटो ब्रॅकेटिंगची सोय कॅननमध्ये आहे, डी३५०० मध्ये नाही. तिथे दर वेळी हाताने सेटिंग बदलावे लागते आणि तेवढ्यात ट्रायपॉडवरचा कॅमेरा हलू शकतो.

२. लेन्सचा हिशेब करा

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे तीच त्यावर आपोआप फोकस करते. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे असतील तर ठीक. जुनी एएफ ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळते म्हणून घेतली, तर ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस प्रत्येक वेळी हातानेच करावा लागेल.

खात्री करायची असेल तर लेन्स उलटी धरा. मागच्या धातूच्या कड्यावर, काठाजवळ, सपाट खाच असलेला छोटा स्क्रू दिसला की समजा, ही लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालणारी आहे. निकॉनच्या वरच्या श्रेणीतल्या अनेक बॉडींमध्ये त्या खाचेत बसणारी एक पिन असते, ती फिरते आणि लेन्स फोकस होते. डी३५०० च्या कड्यावर ती पिनच नाही.

कॅननकडे ही अडचण नाही. १९८७ पासूनच्या ईएफ मालिकेत मोटर लेन्समध्येच असते. टिल्ट-शिफ्टसारख्या काही खास लेन्स सोडल्या, तर ईएफ आणि ईएफ-एस लेन्स १५००डीवर आपोआप फोकस करतात. कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठीच्या आरएफ आणि ईएफ-एम लेन्स मात्र यावर बसत नाहीत. जुन्या लेन्स जमवून शिकायचे असेल तर आमचा कौल कॅननला.

आता सोबत येणारी किट लेन्स. दोन्हीकडे ती १८-५५ मिमीचीच (मिमीचा आकडा मोठा तितके दृश्य जवळ दिसते), पण स्थिरीकरणासह आणि त्याशिवाय अशा दोन्ही प्रकारांत मिळते. निकॉनच्या लेन्सवर व्हीआर, कॅननच्या लेन्सवर आयएस ही अक्षरे शोधा. कॅननची नुसती "III" लिहिलेली लेन्स नवीन वाटते, पण तिच्यात स्थिरीकरण नाही; "आयएस II" मध्ये आहे. ५५ मिमीवर हातात धरून फोटो काढताना स्थिरीकरणाशिवाय शटर साधारण १/८० सेकंदाच्या खाली नेला की फोटो हलण्याचा धोका असतो. स्थिरीकरण असेल तर बऱ्याच वेळा १/१५ वरही जमते. अर्थात ते फक्त तुमच्या हाताचा कंप सावरते. समोरचे मूल हलले तर ते अस्पष्टच येणार.

दुसरी लेन्स कोणती घेणार, तेही आत्ताच ठरवा. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे ज्या खोलीत किट लेन्सला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; ती वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ६४०० लागतो, तिथे हिला ६४० च्या आसपास पुरतो. निकॉनसाठी ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स घरात वापरायला अगदी सोयीची. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम चेहऱ्यांसाठी उत्तम आहे, पण या सेन्सरवर ती फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ८० मिमीसारखी दिसते आणि लहान खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही.

३. दोन्ही कॅमेरे हातात घ्या

किमान दहा मिनिटे धरा. उजव्या हाताची करंगळी पकडीवर टेकते की खाली लोंबते? व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, न बघता आयएसओ बदलता येतो का? चष्मा असेल तर तो लावूनच बघा. निकॉन बॅटरी आणि कार्डासह सुमारे ४१५ ग्रॅम, कॅनन ४७५. हा फरक गळ्यात दिवसभर अडकवल्यावर कळतो.

४. एकच चाचणी दोघांवर

तेच ठिकाण, तोच उजेड. ॲपर्चर मोड (लेन्स किती उघडायची ते आपण ठरवतो), एफ/५.६, झूम ३५ मिमी, रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) अधिक जेपीईजी. आयएसओ १६००, ३२०० आणि ६४०० वर एकेक फोटो काढा आणि संगणकावर १०० टक्के मोठा करून केस, कापडाची वीण, अंधारे कोपरे बघा. जेपीईजीचे रंग आवडले म्हणून निर्णय घेऊ नका, ते मेनूतून बदलता येतात.

फोकसची परीक्षा कमी उजेडात घ्या. कॅननला ९ आणि निकॉनला ११ फोकस बिंदू आहेत, पण आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा क्रॉस प्रकारचा बिंदू दोघांतही एकच, मधला. कडेच्या बिंदूवर लेन्स पुढेमागे घुटमळत राहिली तर तो बिघाड समजू नका. मधला बिंदू निवडून पुन्हा बघा.

५. वापरलेला घेत असाल तर

निकॉन प्रत्येक फोटोच्या माहितीत शटर किती वेळा चालला तो आकडा लिहितो. कॅमेऱ्यातून थेट आलेला, कोणत्याही ॲपमधून न पाठवलेला जेपीईजी मागा आणि फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. १५००डीच्या फाइलमध्ये हा आकडा नसतो, तिथे पकडीवरचे रबर आणि बटणांची झीज यावरूनच अंदाज करावा लागतो.

सेन्सरवरची धूळ बघायला एफ/२२, आयएसओ १०० ठेवा, फोकस हाताने अनंतावर न्या, कोरा पांढरा कागद जवळ धरा आणि शटर उघडा असताना कॅमेरा किंचित हलवा. कागदावरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरची धूळ गडद ठिपक्यांसारखी तशीच राहते. दोन-चार ठिपके हवेच्या पंपाने जातात. धाग्यासारखी वाकडी रेष किंवा कडांशी जाळे दिसले तर ओलावा किंवा बुरशीची शंका घ्या, आणि लेन्समधून टॉर्च मारून काचेच्या आतही बघा. बुरशी असेल तर तो सौदा सोडून द्या.

कॅननच्या वरच्या हॉट शूमध्ये (बाहेरचा फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधोमध गोल धातूचा ठिपका आहे का, तेही तपासा. तो नसेल तर फक्त त्या एका ठिपक्यावर चालणारे साधे फ्लॅश आणि ट्रिगर उडणार नाहीत.